वाटीभर दूध

काल रात्री आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फोटो आला. टोपलीत जुनी शाल, शालीत लॅब्रडॉरचं पिल्लू, डोळे अर्धे मिटलेले, पोट टम्म फुगलेलं. खाली साताऱ्याच्या दादाने (माझा मामेभाऊ) लिहिलं होतं, "रविवारी येतोय घरी. छोटीच्या वाढदिवसाचं सरप्राईज. कुणी तिला सांगू नका." पिल्लू पस्तीस दिवसांचं आहे, असंही लिहिलं होतं.

पुढच्या अर्ध्या तासात एकोणतीस मेसेज. "किती गुटगुटीत!" हे सात जणांनी. मग सल्ले सुरू झाले. मावशी म्हणाली, गाईचं दूध द्या, निम्मं पाणी घालून. काकांनी दुधात ग्लुकोजची बिस्किटं भिजवायला सांगितली. पोट बिघडलं तर दहीभात, नाहीच थांबलं तर चिमूटभर हिंग, आणि "घाबरू नका, पिल्लांना होतंच तसं, दोन दिवस थांबून बघा."

मी उत्तर टाईप करायला घेतलं. तीन वेळा लिहून तीन वेळा पुसलं, कारण ग्रुपवर एवढं लांब लिहिलं की लोक नमस्काराचे हात पाठवतात आणि वाचत नाहीत. म्हणून इथे लिहितेय. मावशी, तू हा ब्लॉग नियमित वाचतेस हे मला माहीत आहे, तेव्हा आधीच सांगते, तुझ्यावर राग नाही. तुझ्या वाटीवर आहे.

ती वाटी मीही भरलेली आहे बरं का. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आमचा ढब्बू आला तेव्हा विकणाऱ्याने छातीवर हात ठेवून "पंचेचाळीस दिवसांचा आहे ताई" असं सांगितलं होतं. (कुठलंही पिल्लू पंचेचाळीस दिवसांचंच कसं असतं, हा प्रश्न मला नंतर पडला.) घरी आल्या आल्या मी काय केलं असेल? वाटीभर कोमट दूध. त्याने ते इतक्या आनंदाने चाटलं की आम्ही फोटो काढले. संध्याकाळी शेजारच्या मुलांनी बिस्किटं दिली. सासूबाईंनी तूप लावलेली पोळी कुस्करून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलभर पिवळं पाणी होतं, आणि तिसऱ्या दिवशी ढब्बू खुर्चीखाली जाऊन बसला तो हाक मारली तरी शेपूट हलवेना.

व्हेटकडे गेले. त्या डॉक्टरबाईंनी आधी त्याचं तोंड उघडून बघितलं. "ह्याच्या दाढा अजून हिरडीत आहेत. हा जेमतेम महिन्याचा आहे हो. आईपासून कशाला तोडलात?" मी म्हणाले, आम्ही नाही तोडला, विकत घेतला. त्या काही बोलल्या नाहीत. ते न बोलणं मला अजून लागतं.

मग त्यांनी शीचा नमुना घेऊन एका छोट्या पट्टीवर चार थेंब टाकले. पार्व्होची तपासणी. दहा मिनिटांत कळतं. एक रेघ आली तर नाही, दोन आल्या तर आहे. बारावीच्या निकालालासुद्धा मी अशी बसले नव्हते. एकच रेघ आली. ढब्बूला पार्व्हो नव्हता. त्याला होतं ते आम्ही केलेलं होतं, म्हणजे दूध, बिस्किटं, तूप, आई सुटलेली, आणि भरीला पोटात जंत. दोन दिवस सलाईन लावून तो उठला.

आता दुधाचं. पिल्लू दूधच तर पितं, मग दुधाने काय होणार, असं वाटणं अगदी साहजिक आहे. पण कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा स्निग्धांश आणि प्रथिनं कितीतरी जास्त असतात, आणि साखर कमी. ती साखर, म्हणजे लॅक्टोज, फोडणारा पाचकरस पिल्लू अंगावर पीत असतं तोवर त्याच्या आतड्यात भरपूर असतो, पुढे कमी होत जातो. न फुटलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते, तिथल्या जंतूंच्या हाती लागून आंबते, आणि मग आपली फरशी. मावशी, निम्मं पाणी घातल्याने साखर निम्मी होते हे खरं. पण पोषणही निम्मं होतं, आणि ते मुळातच कुत्रीच्या दुधाच्या मानाने पातळ होतं. खरोखर आई नसलेलं तान्हं पिल्लू असेल तर त्यांच्यासाठीची वेगळी दूधपावडर मिळते.

ह्यावर आमच्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे, "आपल्या गावाकडची कुत्री दूधभाकरीवरच वाढली ना?" वाढली. काही कुत्र्यांना दूध पचतंही, नाही असं नाही. पण गावाकडचं पिल्लू आईच हुसकावून लावेपर्यंत तिच्या मागे असायचं, आणि भाकरीचा तुकडा तिच्याच शेजारी बसून हळूहळू शिकायचं. एकाच दिवशी आई, भावंडं, वास, पाणी आणि जेवण असं सगळं कुणी त्याचं बदलत नव्हतं. शिवाय आठवतात ती मोठी झालेली कुत्री. खळ्यामागे पुरलेली कोण मोजतंय?

खरं तर नव्या पिल्लाचं पोट बिघडू नये म्हणून करायचं ते फार कंटाळवाणं आहे, म्हणूनच कुणी सांगत नसावं. ते जिथून आणलं तिथे जे खात होतं तेच तसंच पहिले काही दिवस द्यायचं. मग आठवडाभरात थोडं थोडं नवं मिसळत जुनं कमी करायचं. दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. आणि पाहुण्यांना हात लावू द्यायचा, खाऊ घालू द्यायचं नाही. ह्यातलं शेवटचं सगळ्यात अवघड, कारण आपल्याकडे प्रेम म्हणजे ताटात वाढणं.

जंतांचं नाव काढलं की घरोघरी लोक दुखावतात. "आमच्या घरात जंत?" अहो, तुमच्या घरातले नाहीत. पिल्लांमधले गोल जंत आईच्या पोटात असतानाच पिल्लाच्या अंगात शिरतात, नंतर दुधातूनही येतात. म्हणून जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी द्यायचं असतं, वजन करून. सात जणांनी ज्याला गुटगुटीत म्हटलं ते फोटोतलं टम्म पोट बघून माझ्या डोळ्यांपुढे शेवया आल्या. (ढब्बूच्या शीत दिसल्या होत्या, तशाच. त्यानंतर वर्षभर मी खीर केली नाही.) दादा, हे जंत माणसालाही त्रास देऊ शकतात, विशेषतः मातीत खेळून तसेच हात तोंडात घालणाऱ्या मुलांना, म्हणून छोटीच्या हाताकडे लक्ष हवं.

इथपर्यंतचं सगळं निस्तरता येतं. ह्याच्यापुढचं येत नाही.

आमच्या कराडच्या घरी १९८८ च्या जूनमध्ये मोती आला होता. मी तेव्हा नऊ वर्षांची. आठ दिवस तो माझ्या पायात पायात होता. मग एके दिवशी उलटी केली. जेवला नाही. दुसऱ्या दिवशी पडवीत रक्ताची हगवण, आणि असा एक वास की अजून कधी मटणाच्या दुकानापुढून जाताना मला एकदम ती पडवी दिसते. घरात सगळे म्हणत होते, बघू उद्यापर्यंत, पिल्लांना होतंच. आजीने दहीभात कालवला, त्याने तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. आईने पडवी फिनाइलने तीनदा धुतली.

मी इतकी रडले की दोन महिन्यांनी बाबांनी दुसरं पिल्लू आणलं. त्याच पडवीत, त्याच पोत्यावर. ते दहा दिवसांत गेलं. तसंच.

तेव्हा आजी म्हणाली, "आपल्या घराला कुत्रं लाभत नाही." आणि ते आमच्या घराचं वाक्य झालं. पस्तीस वर्षं आमच्याकडे कुत्रं आलं नाही ते त्या वाक्यामुळे. मला मनातून बरीच वर्षं वाटत राहिलं की माझ्यातच काहीतरी आहे.

ढब्बूच्या वेळी मी डॉक्टरबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, कुणी तपासलं नाही म्हणजे खात्रीने सांगता येणार नाही, पण हे पार्व्होचं वर्णन आहे. हा रोग कुत्र्यांमध्ये १९७८ च्या सुमारास पहिल्यांदा दिसला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. त्याचा विषाणू जमिनीवर, पोत्यात, चपलांच्या तळव्यांना महिनोन् महिने टिकतो, वर्षभरसुद्धा. नेहमीच्या फिनाइलने मरत नाही. म्हणजे दुसरं पिल्लू आमच्या नशिबाने नाही गेलं. आम्ही त्याला नेऊन त्या पोत्यावर ठेवलं होतं.

"लाभत नाही" हा शब्द मला मराठीतून काढून टाकता आला तर मी आज काढेन. पिल्लू गेलं की दोष त्याच्या पायगुणाला किंवा घराच्या वास्तूला, आणि लस कुणी टोचायची होती हा प्रश्न कुणी विचारत नाही. "पिल्लांना होतंच तसं" ह्याचं तेच. हे वाक्य बोलणाऱ्याला धीर देतं, पिल्लाला नाही.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. दादा, यंदा फेब्रुवारीत तुमच्या घरी एक पिल्लू येऊन गेलं. काल एकोणतीस मेसेजमध्ये त्याचं नाव कुणी काढलं नाही. उलटी, मग रक्त, तिसऱ्या दिवशी संपलं, त्याच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टर. तेव्हाही ग्रुपवर दहीभात होता, आणि मुलांची जुलाब बंद करायची गोळी अर्धी करून द्या असंही कुणीतरी लिहिलं होतं. मीच तेव्हा काही बोलले नाही, हे मला मान्य आहे. तुम्ही सगळे दुःखात होता आणि मला शहाणपणा शिकवणारी बहीण व्हायचं नव्हतं. आज व्हायचं आहे.

फेब्रुवारीला चार महिने झाले. तुमच्या अंगणात ते अजून असू शकतं. पस्तीस दिवसांच्या पिल्लाला आईकडून मिळालेली ताकद ओसरायला लागलेली असते आणि लशीची अजून आलेली नसते. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे होईपर्यंत. एक टोचली म्हणजे झालं असं नाही, कारण आईकडून आलेलं संरक्षण सुरुवातीची लस निकामी करू शकतं, आणि ते नेमकं कधी संपतं ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं. आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकणं कायद्याने मना आहे, केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांत तसं लिहिलेलं आहे. तुझ्या त्या विकणाऱ्याला हे माहीत नसेल तर त्याने धंदा करू नये, आणि माहीत असेल तर त्याच्याकडून घेऊ नये.

तेव्हा रविवारी पिल्लू आणू नकोस. छोटी रडेल. रडू दे, माझं नाव सांग, माझ्यावर रागावू दे. पिल्लू आईजवळ राहू दे, निदान दोन लशी होऊ देत, आणि कधी आणायचं ते व्हेटला फेब्रुवारीची सगळी हकीकत सांगून ठरव. तोवर घरातल्या फरश्या आणि ओटा आधी घासून, मग तीस भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून ओल्या ठेवायच्या, दहा मिनिटं. जुनं पोतं, पट्टा, वाटी टाकून द्यायची. मातीच्या अंगणाला हे लागू पडत नाही. तिथे सगळ्या लशी पूर्ण होईपर्यंत त्याला सोडायचंच नाही.

पुढे कधी त्याचं पोट बिघडलंच, तर पिल्लू खेळतंय, खातंय, एक-दोनदाच पातळ झालं एवढंच असेल तेव्हा घरी बघ. उकडलेली चिकन आणि मऊ भात, मीठ-हळद-कांदा काही न घालता, थोडं थोडं, आणि पाणी भरपूर. मोठ्या कुत्र्याला डॉक्टर कधी एक वेळ उपाशी ठेवायला सांगतात, एवढ्याशा पिल्लाला तसं ठेवू नकोस, त्याची साखर उतरते. आणि उलटी, रक्त, खुर्चीखाली जाऊन बसणं, हिरड्या कोरड्या किंवा पांढऱ्या, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहणं, ह्यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. ग्रुपवर विचारायचं नाही. आपली तापाची, दुखण्याची, जुलाबाची कुठलीही गोळी नाही.

मावशी, तुझं दूध वाया जाणार नाही. मी रविवारी सकाळी स्वारगेटहून एसटीने निघतेय, साडेअकरापर्यंत पोचेन, चहा टाकून ठेव. दादा, केक मी आणतेय. ब्लीचची बाटली, घासायचे दोन ब्रश आणि रबरी मोजेही. जुनं पोतं अजून जिन्याखालीच आहे ना? त्याला छोटीला हात लावू देऊ नकोस, मी आल्यावर बघते.