कपाट फेकण्याआधी आत डोकावून पाहा

रमजान महिना-दीड महिन्यावर आला की आपल्या घरांत साफसफाईचे बेत सुरू होतात. डबे उतरतात, जळमटे निघतात आणि मग नजर जाते ओट्याखालच्या कपाटांवर. सनमायका पिवळा पडलेला, कोपरे उचकटलेले, एखादे दार बिजागरीतून लोंबत असलेले. ईदला पाहुणे येणार, कुणाकडे मुलीला पाहायला मंडळी येणार. मग घरातलेच कुणीतरी म्हणते, "सगळे काढूनच टाका, नवे मॉड्युलर किचन हप्त्यांवर मिळते."

आमच्या घरीही हेच झाले. सिडकोतल्या आमच्या घरातली कपाटे अब्बांनी नोकरीत असताना पै-पै जोडून करून घेतली होती. हप्त्यांचा कागद घरात आला तेव्हा अम्मींनी एवढेच विचारले, "यात व्याज किती?" उत्तर कुणाजवळ नव्हते. हप्त्यांचा विषय तिथेच संपला. पण मग आम्ही दुसरी चूक केली. दोन दिवसांत, स्वस्तात काम व्हावे म्हणून जुन्या सनमायकावरच नवे शीट चिकटवून घेतले. ईद छान गेली. मे महिन्याच्या उन्हात शेगडीजवळची दारे पापडासारखी फुगली. सिंकखालच्या कपाटाचा तळ तर बोटाने दाबला तरी भुसा गळू लागला.

मग एका वयस्कर मिस्त्रींना बोलावले. हत्यारांची पिशवी उघडण्याआधीच ते म्हणाले, "सनमायका म्हणजे कपाटाचा कपडा. कपडा बदलण्याआधी अंग धड आहे का ते पाहा."

त्यांनी दाखवले ते कोणत्याही घरात करता येते. एक बिजागरी सोडवा आणि भोकात किंवा फळीच्या उघड्या कडेवर टॉर्च मारा. एकावर एक थर दिसले तर ते प्लायवूड. भुशाचे कण दाबल्यासारखे दिसले तर पार्टिकल बोर्ड. प्लायवूड कोरडे आणि घट्ट असेल तर ते कपाट अजून बरीच वर्षे चालेल. पार्टिकल बोर्ड मात्र एकदा पाण्याने फुगला की परत बसत नाही. तेवढी फळी बदलावीच लागते. मग बोटाच्या पेराने सगळीकडे ठोकून पाहा. पोकळ आवाज आला किंवा मातीच्या बारीक रेघा दिसल्या तर वाळवी समजा. तिचा बंदोबस्त झाल्याशिवाय नव्या शीटवर पैसा घालू नका.

आमच्याकडे वाळवी नव्हती, पाणी होते. औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, नळ रोज येत नाही. जायकवाडीचे पाणी आपल्या वस्तीत येते त्या दिवशी घरातला प्रत्येक ड्रम, हंडा, बादली भरली जाते. सांडलेले पाणी ओट्याखाली जाते आणि जमिनीला टेकलेली कपाटे ते खालून शोषत राहतात. त्यात सिंकच्या पाइपची थेंब-थेंब गळती. आम्ही वरून नवा कपडा चढवला आणि आतले अंग भिजतच राहिले. म्हणून आधी गळती बंद केली, सिंकखालचा तळ बदलला आणि कपाटे चार इंची प्लास्टिकच्या पायांवर उचलून घेतली. आता खालून पोछा फिरतो आणि झुरळांचा अड्डाही मोडला.

नवे शीट का सुटले, तेही समजले. सनमायका हे खरे तर एका ब्रँडचे नाव, आपल्याकडे ते सगळ्याच लॅमिनेटला पडले. रेझिनमध्ये भिजवलेल्या कागदांचे थर उष्णतेने आणि दाबाने एकजीव करून ते बनते. त्याचा पृष्ठभाग काही शोषत नाही, म्हणून पाणी पुसता येते. पण म्हणूनच त्यावर फेविकॉल किंवा रंगही सहज धरत नाही, वर फोडणीचा चिकटपणा असेल तर नाहीच. जुने शीट कुठे सुटले असेल तर तेवढे उचकटून काढावे. बाकी दारे गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने पुसावीत, स्वच्छ पाण्याने पुन्हा पुसून पूर्ण वाळवावीत आणि पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंत घासावीत. मगच पुढचे काम.

शेगडीजवळच्या दारांना नवे शीटच बरे. वरच्या, तेल-वाफेपासून दूर असलेल्या कपाटांना रंगही चालतो. मात्र आधी गुळगुळीत पृष्ठभागावर धरणारा प्रायमर, मग पातळ दोन हात, आणि प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यायचा. रंग हाताला कोरडा लागला तरी पक्का व्हायला आठवडाभर लागतो. तोवर त्यावर ओले फडके फिरवू नका.

खर्चाचा अंदाज स्वतः काढा. शीट 8 फूट बाय 4 फुटांचे येते. 20 इंच उंच आणि 15 इंच रुंद अशी 12 दारे एका शीटमधून निघतात. बाहेरच्या बाजूला 1 मिलिमीटर जाडीचे घ्या. कडांना पट्टी लावायला विसरू नका, कारण पाणी कडेतूनच शिरते. बिजागरीचा स्क्रू ढिला असेल तर भोकात फेविकॉल लावलेल्या काडेपेटीच्या काड्या ठोका, वाळू द्या आणि स्क्रू पुन्हा पिळा. आमची निम्मी दारे एवढ्यानेच सरळ झाली.

एक गोष्ट मात्र जिवाची आहे. शीट चिकटवायचे रबरी सोल्यूशन आणि रंगाचा थिनर यांची वाफ पेट घेते. काम चालू असताना शेगडी बंद, सिलिंडर बाहेर, देवळी-उदबत्तीही नाही. खिडक्या उघड्या ठेवा आणि लहान मुलांना दुसऱ्या खोलीत. त्या दिवशीचे जेवण शेजारून आले तरी चालेल.

आणि मिस्त्रींशी आधीच ठरवा की कडा, बिजागऱ्या, जुने शीट काढणे हे सगळे मजुरीत धरले आहे का. काम संपले की त्याच दिवशी हिशेब चुकता करा. रमजानच्या तोंडावर त्यांच्याही घरी खर्च असतात.

आमच्या कपाटांचा सांगाडा अजून अब्बांनी केलेलाच आहे. पहिल्या सहरीला अम्मींनी दार उघडले, ते कुरकुरले नाही, तेव्हा त्यांनी फक्त वरून हात फिरवला. यंदा तुमच्या घरी असा बेत असेल तर शाबान संपायची वाट पाहू नका. आजच एक बिजागरी सोडवा आणि टॉर्च मारून पाहा.