कसब हवें, माणूस नको

"अंगीं गुण असला म्हणजे जात आडवी येत नाहीं," असें आपणांस शिकविणारे शहाणे पुष्कळ भेटतात. त्यांनीं अमेरिकेंतील मेजर टेलरची हकीगत जरा ऐकावी.

हा काळा गडी १८७८ सालीं इंडियानापोलिस शहरीं जन्मला. बाप घोडागाडी हांकणारा. पोरानें सायकलच्या दुकानांत नोकरी धरली, आणि गिऱ्हाईक जमावें म्हणून दारापुढें शिपायाचा पोशाख करून कसरती केल्या. त्यावरून लोक त्यास 'मेजर' म्हणूं लागले. १८९६ सालीं तो धंदेवाईक शर्यतींत उतरला आणि १८९९ सालीं माँट्रियल येथें एक मैलाच्या शर्यतींत जगज्जेता झाला.

आतां या गुणाचें चीज कसें झालें तें पाहा. सायकलवाल्यांच्या राष्ट्रीय संघानें १८९४ सालींच काळ्यांस सभासदत्वाची बंदी केली होती. १८९७ सालीं दक्षिणेकडील शर्यतवाल्यांनीं त्यास उतरूंच दिलें नाहीं; वर्षाचें अजिंक्यपद हातचें गेलें. त्याच सालीं टाँटन येथें शर्यत संपतांच मागें पडलेल्या एका गोऱ्यानें त्याचा गळा आवळून त्यास बेशुद्ध पाडलें. दंड किती? ५० डॉलर! धांवतांना गोरे एकजूट करून त्यास मध्यें कोंडीत. प्रेक्षक मात्र तिकिटें काढून त्यालाच पाहावयास येत. नांगराला सुताराचें कसब हवें, पंक्तीला सुतार नको, हा आपला गांवठी न्याय समुद्रापलीकडेही चालतो तर!

१९०१ सालीं पॅरिसांत फ्रेंच वीर झाकलँ याजशीं पहिली शर्यत तो हरला, दुसरी जिंकला. रविवारीं न धांवण्याचा नेम त्यानें पुष्कळ वर्षें पाळला व त्यापायीं मोठ्या रकमा सोडल्या. असा नेमाचा माणूस!

जोतीरावांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' ग्रंथ गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकनांस अर्पण केला, तो योग्यच होता. त्यानंतर पांचच वर्षांनीं टेलर जन्मला. बेडी कायद्यानें तुटली होती. पण शर्यतीचें फाटक कोणाच्या हातीं होतें? संघ ज्यांचा, नियम त्यांचा. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, पोरांस नुसती तालीम देऊन भागत नाहीं. पंच कोण, चिटणीस कोण, हेंही विचारलें पाहिजे.

१९१० सालीं त्यानें शर्यती सोडल्या. पैसा धंद्यांत बुडाला. १९२८ सालीं स्वतःचें चरित्र पदरच्या खर्चानें छापून तो तें दारोदार विकीत फिरला. १९३२ सालीं शिकागोच्या इस्पितळांत, धर्मार्थ खाटेवर, तो वारला व बेनिशाणीच्या खड्ड्यांत पुरला गेला. १९४८ सालीं जुन्या शर्यतवाल्यांनीं त्यास तेथून काढून चांगली जागा दिली. संघाच्या वारसांनीं ती जुनी बंदी जाहीरपणें झिडकारली, ती १९९९ सालीं.