मुंबईची वाट आणि वऱ्हाडचा खिसा

वर्ष सरत आले की अमरावती-अकोल्याच्या कचेऱ्यांतून एक ठरावीक हिशेब सुरू होतो. सरकारी सेवकाच्या किरकोळ रजेचे आठ दिवस 31 डिसेंबरला संपतात. त्यांतला एकही पुढील वर्षात नेता येत नाही. उरलेल्या दोन-तीन रजा, नाताळची सुट्टी आणि एखादा शनिवार-रविवार यांची मोट बांधून मुलांना एकदा मुंबई दाखवून आणावी, असा विचार या दिवसांत घरोघरी होतो. शाळांच्या शिक्षक-खोल्यांतूनही तोच विषय निघतो. पण बहुतेक घरांत जानेवारी उजाडला तरी तो विचारच राहतो. कारण विचारले तर 'परवडत नाही' एवढेच उत्तर मिळते. हे उत्तर खोटे नाही. मात्र नेमके काय परवडत नाही, हे कोणी खोलात जाऊन पाहत नाही.

रेल्वेचे भाडे परवडत नाही, असे म्हणता येणार नाही. मुंबईपासून अकोला सुमारे 580 आणि बडनेरा सुमारे 660 किलोमीटरवर आहे. एवढ्या अंतरासाठी शयनयान वर्गाचे भाडे आजही नोकरदाराच्या आवाक्यातले आहे. शिवाय या मार्गाची एक मोठी सोय अशी की, संध्याकाळी अमरावतीहून वा रात्री अकोल्याहून निघालेला प्रवासी सकाळी मुंबईत उतरतो आणि रात्री तिकडून निघालेला सकाळी घरी येतो. दोन रात्री गाडीत गेल्या की दोन दिवसांच्या मुंबईसाठी छताची गरज एकाच रात्रीची उरते. चार माणसांच्या कुटुंबाची सहल जमणार की मोडणार, हे या एका रात्रीवर ठरते. विदर्भ एक्स्प्रेस किंवा अमरावती एक्स्प्रेसचे तिकीट हाती आलेले असूनही केवळ उतरायचे कोठे, या प्रश्नापाशी बेत फिसकटल्याची उदाहरणे प्रत्येक गल्लीत सापडतील.

अर्थात, तिकीट हाती येणे हीही गोष्ट सोपी राहिलेली नाही. पूर्वी आरक्षण 120 दिवस आधी खुले होत असे. म्हणजे नाताळचे तिकीट ऑगस्टच्या अखेरीस काढावे लागे. पोळ्याच्या सुमारास नाताळचा बेत आखणारा माणूस वऱ्हाडात विरळाच. 1 नोव्हेंबर 2024 पासून ही मुदत 60 दिवसांवर आली. 25 डिसेंबरचे तिकीट आता 26 ऑक्टोबरला, दिवाळीच्या आगेमागे, खुले होते. सोयाबीन बाजारात गेलेले असते, कापसाची वेचणी चालू असते, घरात चार पैसे खेळत असतात. हा बदल वऱ्हाडच्या अर्थकारणाला मानवणारा आहे. मात्र ज्याने दिवाळीतला तो एक दिवस चुकवला, त्याच्या नशिबी प्रतीक्षा यादी आणि मग तत्काळची शर्यत येते. जुलै 2025 पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आधारची पडताळणी सक्तीची झाली, त्यामुळे दलालांना थोडा चाप बसला असेल. पण डब्यातील जागा काही त्यामुळे वाढल्या नाहीत. परतीचे तिकीट दोन-तीन दिवस उशिराने खुले होते, हेही पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही आणि जाण्याचे तिकीट घेऊन माणसे निर्धास्त बसतात.

रेल्वे हुकली की पाळी खासगी ट्रॅव्हल्सची. सुट्ट्यांच्या आठवड्यात तिचे भाडे कोठवर चढेल याचा नेम नाही. वास्तविक 27 एप्रिल 2018 च्या शासननिर्णयाने खासगी बसगाड्यांना एस.टी.च्या प्रतिकिलोमीटर भाड्याच्या दीडपटीपेक्षा अधिक आकारणी करण्यास मनाई केलेली आहे. हा निर्णय किती प्रवाशांना ठाऊक आहे? आणि ज्यांच्यावर अंमलबजावणीची जबाबदारी आहे, त्यांना तो डिसेंबरात आठवतो काय? एस.टी.त 17 मार्च 2023 पासून महिलांना निम्मे भाडे आहे, शालेय सहलींनाही निम्म्या भाड्याची सवलत मिळते. या सवलती मोलाच्या आहेत. पण लहान मुलांना घेऊन एवढे अंतर बसून काढणे म्हणजे सहलीचा पहिला दिवस झोपेत घालवणे होय. समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला, बेलोऱ्याहून एप्रिल 2025 मध्ये मुंबईचे विमानही उडाले. तथापि महामार्गाचा पथकर आणि विमानाचे तिकीट हे लिपिकाच्या हिशेबवहीत बसणारे विषय नव्हेत.

तेव्हा प्रश्न पुन्हा त्या एका रात्रीचा. एके काळी वऱ्हाडी माणसाचा मुंबईतील हक्काचा आसरा म्हणजे आमदार निवास. तालुक्याच्या आमदाराची चिठ्ठी खिशात असली की एका खोलीत आठ-दहा जण वळकट्या पसरून मोकळे होत. त्या व्यवस्थेत वशिल्याचा वास होता, हे कबूल केले पाहिजे. ज्याची ओळख नाही त्याला ती कधीच उपयोगी पडली नाही. पुढे मनोरा आमदार निवासाच्या जुन्या इमारती धोकादायक ठरून पाडल्या गेल्या आणि तो आसराही आक्रसला. राहता राहिले लॉज. हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर पूर्वी वस्तू व सेवा कर नव्हता. 18 जुलै 2022 पासून तिच्यावर 12 टक्के कर बसला. सप्टेंबर 2025 मध्ये तो 5 टक्क्यांवर आला खरा, पण आज हजाराच्या खोलीत उतरणारा शिक्षक आणि साडेसात हजारांच्या खोलीत उतरणारा व्यापारी एकाच दराने कर भरतात. राज्य सरकारच्या रजा प्रवास सवलतीत 'महाराष्ट्र दर्शना'ची सोय आहे; परंतु तीही भाड्यापुरतीच, मुक्कामाचा खर्च ज्याचा त्याने सोसायचा.

मुंबईशी वऱ्हाडचे नाते आजकालचे नाही. एकोणिसाव्या शतकात लोहमार्ग आला तो प्रामुख्याने इथला कापूस बंदरापर्यंत नेण्यासाठी. गाठी आधी मुंबईला पोहोचल्या, माणसे मागाहून. शिवडीजवळचे कॉटन ग्रीन हे स्थानकाचे नाव अजून त्या व्यापाराची आठवण देते. 1956 साली वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि नागपूरऐवजी मुंबई त्याची राजधानी झाली. ज्या शहराच्या गिरण्यांनी आपला कापूस कातला आणि ज्या शहरातून आज आपला कारभार चालतो, ते शहर अकोटच्या वा दर्यापूरच्या मुलाने शाळेच्या वयात पाहावे, ही काही चैनीची मागणी नव्हे.

अल्प पैशांत मुंबई कशी गाठावी, हे शिकायचे तर 6 डिसेंबरकडे पाहावे. महापरिनिर्वाण दिनासाठी विदर्भातून प्रचंड संख्येने लोक दादरच्या चैत्यभूमीवर जातात. त्यांत शेतमजूर असतात, विद्यार्थी असतात, नातवंडांचा हात धरलेल्या वृद्धा असतात. रेल्वे जादा गाड्या सोडते, मुंबई महानगरपालिका शिवाजी पार्कवर निवाऱ्याची, पाण्याची, शौचालयांची व्यवस्था करते, स्वयंसेवी मंडळी जेवू घालतात. आणि ही माणसे परतताना पुस्तके विकत घेऊन येतात. त्या दिवसांत गाड्यांना गर्दी होते म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की, ज्यांच्याजवळ सर्वांत कमी पैसा आहे तेच इथे सर्वांत नेमाने राजधानीला जातात. सहलीला निघणाऱ्यांनी तो आठवडा सोडून बेत आखावा. यातून निघणारी दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे: मनात आणले तर मुंबईत साध्या माणसासाठी छताची सोय करता येते.

ही गोष्ट प्रथम ओळखली ती अमरावती जिल्ह्यातल्याच एका माणसाने. शेंडगावात जन्मलेल्या गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत आज टाटा रुग्णालयात उपचारासाठी आलेले कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातलग राहतात. वऱ्हाडातील कित्येक कुटुंबांनी मुंबई पहिल्यांदा पाहिली ती अशा आजारपणातच. महाराजांचे निर्वाण 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीजवळ झाले. म्हणजे त्यांची पुण्यतिथी ऐन सहलींच्या दिवसांत येते. अशा धर्मशाळेत ओळखीने एखादी खोली मिळते का पाहू, असे म्हणणारे लोक आढळतात. तो मोह टाळलाच पाहिजे. सहलीला आलेल्या कुटुंबाने अडवलेली खाट ही कोणा रुग्णाची असते.

मग करावे काय? ज्याला जायचेच आहे, त्याने रेल्वेची विश्रामगृहे आणि तेथील सामुदायिक शयनकक्ष आरक्षित तिकिटाच्या आधारे आधीच मागून ठेवावेत. गाडीतून उतरताच सामान स्थानकावरील क्लोकरूममध्ये टाकून हिंडावे. शक्यतो रविवार टाळावा, कारण त्या दिवशी लोकलचा मेगाब्लॉक असतो. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, तर राणीची बाग बुधवारी. लोकलचे पर्यटक तिकीट काढल्यास दिवसभर हिंडता येते. जहांगीर कलादालन पाहण्यास पैसा लागत नाही. घारापुरीच्या लाँचमध्ये जीवरक्षक जाकीट अंगावर चढवल्यावाचून मुलांना बसू देऊ नये. 18 डिसेंबर 2024 चा अपघात याच जलमार्गावर झाला. पहिल्या दिवसाची पोळी-चटणी घरून न्यावी, यात लाजण्यासारखे काही नाही.

पण व्यक्तीच्या काटकसरीलाही मर्यादा असते. चाळीस मुले घेऊन निघालेल्या जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षकाने शयनकक्षातल्या चार खाटांवर कोणाकोणाला झोपवावे? मुंबईत शासनाच्या आणि महानगरपालिकेच्या असंख्य इमारती आहेत. त्यांतल्या एका-दोन इमारतींत जिल्ह्यांच्या शालेय सहलींसाठी नोंदणी करून, नाममात्र शुल्कात, चिठ्ठीचपाटीविना मिळणारे निवासस्थान काढणे अशक्य नाही. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते, तेव्हा मंत्री, आमदार आणि सचिवांपासून शिपायांपर्यंतचा लवाजमा सरकारी खर्चाने विदर्भात येतो आणि त्या प्रत्येकाच्या मुक्कामाची चोख व्यवस्था ठेवलेली असते. त्याच महिन्यात उलट दिशेने निघालेल्या वऱ्हाडच्या मुलांसाठी मुंबईत एका रात्रीचे छत मागणारा ठराव अमरावती-अकोल्याच्या आमदारांनी या अधिवेशनात मांडावा. आणि 2018 च्या भाडेनियमाखाली डिसेंबर महिन्यात किती खासगी गाड्यांवर कारवाई झाली, हा प्रश्नही त्याच दिवशी परिवहन मंत्र्यांना विचारावा.