जकातीची साडी की शिलाई मशीन?

रमजानचा चांद दिसला की आमच्या कापड बाजारात एक गिऱ्हाईक हमखास येते. पन्नास साड्यांचा गठ्ठा मागते आणि वर सांगते, "भाई, हलका माल दाखवा, जकातीत द्यायच्या आहेत." तीस वर्षे मी हा माल विकत आलो आहे. त्याची वीण विरळ असते आणि रंग पहिल्याच धुण्यात उतरतो, हे मला ठाऊक असते, घेणाऱ्यालाही असते. जिच्या अंगावर ती साडी जाणार, ती गावाकडची विधवा मात्र दुकानात नसते. म्हणून आज स्वतःच्याच धंद्याविरुद्ध चार शब्द लिहीत आहे.

फितरा आणि जकात यांतला फरक आधी ध्यानात घ्यावा. ईदच्या दिवशी कोणी उपाशी राहू नये म्हणून फितरा नमाजापूर्वी द्यायचा. तो जरूर द्यावा. जकात मात्र वर्षभराच्या शिल्लक मालमत्तेवर शेकडा अडीच. व्यापाऱ्याची ही रक्कम मोठी होते. तिचे तुकडे करून पन्नास घरी वाटले, तर पुढच्या रमजानला तीच पन्नास घरे पुन्हा रांगेत दिसतात. २०१५ साली बांगलादेशात मैमनसिंह येथे जकातीच्या कपड्यांसाठी अशीच गर्दी लोटली आणि चेंगराचेंगरीत वीसहून अधिक जीव गेले.

त्याच बांगलादेशाने दुसरी वाटही दाखवली आहे. तेथील ब्रॅक या संस्थेने २००२ पासून खेड्यांतील अतिगरीब कुटुंबांना गाय किंवा शेळ्या दिल्या, सुरुवातीचे काही महिने खर्चाला थोडी रक्कम दिली, काम शिकवले आणि सुमारे दोन वर्षे घरी जाऊन विचारपूस केली. पुढे हाच प्रयोग भारतासह सहा देशांत झाला. दहा हजारांवर कुटुंबांची पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. मदत थांबल्यावर वर्षभरानेही बहुतेक ठिकाणी सुधारणा टिकून होती. होंडुरासमध्ये मात्र दिलेल्या कोंबड्या रोगाने मेल्या आणि फायदा टिकला नाही. म्हणजे वस्तू देऊन मोकळे होणे पुरेसे नाही. काय द्यायचे ते पारखावे लागते.

आपल्याला हे नवीन वाटू नये. मदत मागायला आलेल्या एका अन्सारी माणसाच्या घरातील चादर आणि पेला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दोन दिरहमला विकून दिला, अशी हदीस अबू दाऊदमध्ये आहे. एका दिरहमचे घरी अन्न गेले, दुसऱ्याची कुऱ्हाड आली. पंधरा दिवस लाकडे तोडून त्याने दहा दिरहम कमावले.

आता आपला हिशेब पाहू. तीनशेची एक याप्रमाणे पन्नास साड्यांचे पंधरा हजार होतात. तेवढ्यात शिवणकाम जाणणाऱ्या एका बाईला पायमशीन, इस्त्री, कात्री आणि पहिल्या कामापुरते कापड मिळू शकते. बाजारातील चार-पाच व्यापाऱ्यांनी मिळून प्रत्येकी एका गावातील एक हकदार कुटुंब निवडावे. तिला काय येते ते आधी विचारावे. मशीन तिच्या मालकीची करून द्यावी, कारण घेणाऱ्याला मालक केल्याशिवाय जकात अदा होत नाही. मग वर्षभर महिन्यातून एकदा खबर घ्यावी.

आणि साडीच द्यायची असेल, तर आपल्या घरी नेऊ तशीच द्यावी. यंदापासून माझ्या दुकानात जकातीचा वेगळा गठ्ठा राहणार नाही. धंदा थोडा कमी होईल, पण पुढेमागे त्याच बाईने स्वतःच्या कमाईतून माझ्याकडे साडीचा भाव केला, तर ती बरकत मोठी.