निसवत्या धानाची तहान

झाडीपट्टीतील चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत वर्षाकाठी हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडत असला, तरी तेथील धानाला दुष्काळ नवा नाही. कारण सप्टेंबरअखेर पाऊस दडी मारतो, नेमका त्याच सुमारास जड, म्हणजे उशिरा पिकणारा धान निसवू लागतो आणि ज्या बांधीला, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेताला, मामा (माजी मालगुजारी) तलावाचे किंवा बोडीचे, म्हणजे लहान तळ्याचे, पाणी पोहोचत नाही, तेथील हिरव्या, ताठ लोंब्या चिमटीत दाबल्या की पोचट लागतात.

या पोचटपणात संप्रेरकांचा, म्हणजे अत्यल्प प्रमाणात तयार होऊन वनस्पतीची वाढ नियंत्रित करणाऱ्या रसायनांचा, मोठा वाटा असतो. माती सुकू लागली की ॲबसिसिक आम्ल हे संप्रेरक वाढते, पानांवरील सूक्ष्म पर्णरंध्रे मिटतात आणि पाणी वाचते. परंतु हेच आम्ल कोवळ्या परागकोशात साचले, तर परागकणांना पोसणारी साखर अडते आणि ते वांझ निपजतात. रोप जगते, दाणा मात्र भरत नाही. म्हणूनच पऱ्ह्यांचा, म्हणजे कोवळ्या रोपांचा, तग पाहून केलेली निवड अपुरी ठरते. मक्याच्या पैदासकारांनी हे पूर्वीच ओळखले होते. मेक्सिकोतील आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्रात 1970च्या दशकापासून फुलोऱ्यातच पाणी तोडले जाई आणि तुरा व कणसाचे केस जेथे फार अंतर न पडता बाहेर येत, ती झाडे पुढे नेली जात.

4 मे 2025 रोजी केंद्र सरकारने जनुक-संपादित धानाचे दोन वाण जाहीर केले. ‘कमला’ वाणात पेशीविभाजनाला चालना देणाऱ्या सायटोकायनिन या संप्रेरकाचे विघटन करणारे जनुक निष्प्रभ केलेले असून तो मूळ सांबा महसुरीपेक्षा लवकर पिकतो, ही गोष्ट झाडीपट्टीसाठी खरोखर मोलाची आहे. एमटीयू 1010 पासून घडवलेल्या ‘पुसा डीएसटी राईस 1’ची जाहीर झालेली उत्पन्नवाढ मात्र खारपड व क्षारपड जमिनींतील आहे, आणि झाडीपट्टीचे दुखणे मिठाचे नसून सप्टेंबरच्या उघडिपीचे आहे.

त्यामुळे सिंदेवाहीच्या संशोधन केंद्रात आणि कोरडवाहू शेतकऱ्यांच्या बांध्यांतही निसवण्याच्या वेळी पाणी तोडून या वाणांची परीक्षा व्हायला हवी. नागभीड तालुक्यातील नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी 1983 मध्ये ‘पटेल 3’ धानातून वेगळ्या दिसणाऱ्या तीन लोंब्या निवडून ‘एचएमटी’ घडवला, तो अशाच बांधीत उभे राहून. बियाणे वाटण्यापूर्वी तेथेच लोंबीगणिक भरलेले आणि पोचट दाणे मोजले जावेत.