भाषण पुरे, आता वाद शिकवा

सांगलीला नाट्यपंढरी म्हणवून घेण्याचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथेच ‘सीता स्वयंवर’ रंगमंचावर आणले. ‘संगीत शारदा’ लिहिणारे देवल शेजारच्या हरिपूरचे आणि बालगंधर्व पलूस तालुक्यातल्या नागठाण्याचे. कौतुकाच्या भरात एक गोष्ट मात्र नजरेआड होते. स्वयंवरातली सीता असो की म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी शारदा, तिची व्यथा बोलून दाखवत होता तो लुगडे नेसलेला पुरुष. त्या काळाला आज नावे ठेवण्यात हशील नाही. पण रंगभूमीवरून ही प्रथा उठली तरी ग्रामपंचायतीतून उठलेली नाही. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. खुर्चीवर बाई बसते, सही तिची असते आणि बोलतो मात्र तिचा नवरा, दीर किंवा मुलगा. ‘सरपंचपती’ हे पद कोणत्याही कायद्यात नाही, तरी ते इतके रुळले की त्यावर उपाय सुचवण्यासाठी केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाला २०२३ मध्ये समिती नेमावी लागली.

याचे खापर नेहमी मुलींच्या बुजरेपणावर फुटते, आणि ते खोटे आहे. सांगली-साताऱ्यातल्या शाळा-महाविद्यालयांत वक्तृत्व स्पर्धांना तोटा नाही. जयंती, पुण्यतिथी, संस्थेचा वर्धापनदिन, कारखान्याच्या अध्यक्षांचा वाढदिवस, कोणतेही निमित्त चालते, आणि ढाल घेऊन जाणाऱ्यांत मुलीच अधिक दिसतात. तरीही त्याच मुली पुढे ग्रामसभेत मागच्या रांगेत गप्प का बसतात? कारण त्यांना आपण जे शिकवले ते बोलणे नव्हतेच, ते पाठांतर होते. भाषण बाईंनी किंवा सरांनी लिहून द्यायचे, घरी घोकून घ्यायचे, सुरुवातीला शेर, मध्ये दोन सुविचार, शेवटी चारोळी, हात कुठे उचलायचा तेही ठरलेले. विषय ‘मोबाईल : शाप की वरदान’, नाहीतर ‘लेक वाचवा’. शाप की वरदान याचा निकाल आमच्या स्पर्धांत गेली वीस वर्षे लागलेला नाही, ही बाब वेगळी. यातली खरी उणीव अशी की वक्तृत्वात वक्त्याला मध्येच कुणी अडवत नाही. ग्रामसभेत, बँकेत, तलाठ्याच्या टेबलासमोर आणि लग्नाच्या बैठकीत मात्र मुलीला पहिल्याच वाक्याला अडवले जाते. तिथे पाठ केलेले उपयोगी पडत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की या दोन जिल्ह्यांतल्या तरुण मुलींना आता वादविवादाचे रीतसर प्रशिक्षण मिळाले पाहिजे, आणि समाजमाध्यमे जाणतेपणाने हाताळण्याचे कौशल्य त्याच प्रशिक्षणाचा भाग असले पाहिजे. वाद म्हणजे भांडण, हा आपला अलीकडचा गैरसमज आहे. आपल्या शास्त्रपरंपरेत आधी पूर्वपक्ष मांडावा लागे, म्हणजे समोरच्याचे म्हणणे त्यालाही मान्य होईल अशा नेमकेपणाने सांगावे लागे. मगच उत्तरपक्षाचा अधिकार. ही शिस्त अंगी बाणली की आवाज चढवावा लागत नाही. पुरावा कोणता, तो कुठून आला, प्रतिपक्षाच्या म्हणण्यात खरे किती आणि आपले म्हणणे कुठे लंगडे पडते, हे ज्या मुलीला कळते तिला ‘ताई, तुम्ही खाली बसा’ म्हणून गप्प करणे अवघड जाते.

हे स्वप्नरंजन नाही, याचे दाखले इथल्याच मातीत आहेत. सावित्रीबाई सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. त्यांच्या आणि जोतीरावांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने छापला. शाळेतली मुलगी धर्माचे ठेकेदार मानल्या जाणाऱ्यांना जाहीर प्रश्न विचारते, आणि ते छापून येते. त्या काळचे समाजमाध्यम म्हणजे वृत्तपत्रच होते. अलीकडचा दाखला माणदेशातला. म्हसवडच्या स्त्रियांनी स्वतःची सहकारी बँक काढायचे ठरवले तेव्हा रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला, कारण प्रवर्तकांमधल्या अनेकींना लिहितावाचता येत नव्हते. त्या रडत बसल्या नाहीत. अक्षरओळख करून घेऊन पुन्हा मुंबईला गेल्या आणि व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करतो, तुमच्या अधिकाऱ्यांनी यंत्राशिवाय करून दाखवावा, असे आव्हान त्यांनी दिले. १९९७ मध्ये बँक उभी राहिली. नकाराचे कारण नीट ऐकून नेमके त्याच कारणाला उत्तर देणे, वादविवादात दुसरे काय शिकवायचे असते? पुढे त्याच म्हसवडमधून सामुदायिक रेडिओ सुरू झाला.

तिसरा दाखला कृष्णेकाठच्या शेजाऱ्यांचा. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी ठराव केला की पती वारल्यावर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढून घेणे या प्रथा गावात बंद. दोन आठवड्यांच्या आत राज्य सरकारने त्या ठरावाचा आदर्श सर्व ग्रामपंचायतींपुढे ठेवणारे परिपत्रक काढले. गावातला ठराव मंत्रालयापर्यंत इतक्या वेगाने पोहोचला त्यात वृत्तपत्रांइतकाच वाटा मोबाईलवरून फिरलेल्या त्याच्या छायाचित्रांचा आणि चर्चेचा असावा. आधी सभेत मुद्दा टिकवणे आणि मग तो गावाबाहेर नेणे, ही दोन कामे कशी जोडलेली आहेत ते इथे दिसते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : मुलींच्या हाती मोबाईल आहेच की जास्त, आणखी कौशल्य कशाला? आकडे उलटे बोलतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत ग्रामीण भारतातल्या केवळ २४.६ टक्के स्त्रियांनी कधी तरी इंटरनेट वापरले असल्याचे आढळले, पुरुषांत हेच प्रमाण ४८.७ टक्के होते. त्यानंतर फोन वाढले हे खरे, पण घरातला फोन कुणाच्या हाती, किती वेळ आणि कुणाच्या देखत, हा प्रश्न फोनच्या संख्येने सुटत नाही. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवण्याचा पायंडा पाडला आणि देशभर त्याचे कौतुक झाले. मुलांनी त्या वेळेत पुस्तक उघडावे यात वावगे काहीच नाही. पण दीड तास यंत्र बंद ठेवायला शिकवणाऱ्या गावाने उरलेल्या वेळात ते कसे वापरायचे हेही शिकवायला हवे.

कारण न शिकवण्याची किंमत या दोन जिल्ह्यांनी मोजलेली आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातल्या लवंगा गावात मुले पळवणारी टोळी समजून उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना जमावाने मारहाण केली. पुढच्याच सप्टेंबरात खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या आक्षेपार्ह मजकुरावरून दंगल उसळली, एका तरुणाचा जीव गेला आणि सातारा जिल्ह्याचे इंटरनेट बंद करावे लागले. या दोन्ही ठिकाणी अफवा किंवा मजकूर खरा की खोटा, तो कुणी लिहिला, कुठून आला, हे विचारायला कुणी थांबले नाही. आलेला संदेश पुढे ढकलण्याआधी ‘पुरावा काय?’ असे विचारण्याची सवय ही वादविवादाची सवय आहे. ती मुलग्यांनाही हवी, हे उघड आहे. इथे मुलींचा आग्रह धरतो तो त्यांना आधीच मागे ठेवले आहे म्हणून.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. बोलणाऱ्या मुलीवर समाजमाध्यमांत तुटून पडतात. तिची छायाचित्रे फिरवली जातात, गलिच्छ भाषेत तिचे चारित्र्य काढले जाते, आणि शेवटी शिक्षण थांबते ते तिचेच. ही भीती काल्पनिक नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदविषयी फेसबुकवर साधे मत मांडल्याबद्दल आणि ते ‘लाइक’ केल्याबद्दल पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती. पण त्या प्रकरणाचा पुढचा भाग आपण विसरतो. ते वाचून अस्वस्थ झालेल्या श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि मार्च २०१५ मध्ये अशा अटकांना वाव देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ घटनाबाह्य ठरले. धोका आहे म्हणून मुलीला गप्प बसवणे हा धोका घालवण्याचा मार्ग नव्हे. उलट न शिकलेल्या मुलीलाच तो अधिक आहे. खात्याला दुहेरी सुरक्षा कशी लावायची, धमकीचा संदेश पुसून न टाकता तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट कसा जपायचा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार कशी नोंदवायची, पाठलाग ऑनलाइन असला तरी तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे आणि नग्न किंवा बनावट छायाचित्राची तक्रार आल्यावर माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार कंपनीने ते ठरावीक मुदतीत काढायचे असते, हे किती मुलींना ठाऊक आहे? किती शिक्षकांना? रील बनवायला कुणी शिकवावे लागत नाही. हे शिकवावे लागते.

‘मुली उद्धट होतील, सोयरीक जुळणार नाही’ हा आक्षेप उघडपणे कमी मांडला जातो, पण घराघरांत तोच निर्णायक असतो. त्याला उत्तर द्यायचे तर याच पट्ट्याच्या इतिहासाकडे बोट दाखवावे लागते. २०११च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे सांगलीत ८६७ आणि साताऱ्यात ८९५ मुली होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात सातारा जिल्हा परिषदेने ‘नकोशी’, ‘नकुसा’ अशी नावे असलेल्या २८५ मुलींचे नामांतर केले. मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण २०१७ मध्ये सापडले. गर्भलिंगनिदान करणाऱ्या केंद्रांचे बिंग सापळे रचून फोडण्याचे काम साताऱ्याच्या वर्षा देशपांडे आणि त्यांच्या सहकारी वर्षानुवर्षे करत आल्या. त्या विनम्र राहिल्या असत्या तर ते झाले असते का? सोयरिकीची चिंता करणाऱ्या गावांनी मुलींची संख्या कमी करून सोयरीक कुणासाठी अवघड केली, हेही एकदा मोजून पाहावे. ज्या मुलींची नावे तेव्हा बदलली त्या आता शाळा-महाविद्यालयांत किंवा संसारात आहेत. ‘मला आणखी शिकायचे आहे’, ‘ही तपासणी मी करणार नाही’ ही वाक्ये त्यांना घरातच, आपल्याच माणसांसमोर, न भांडता पण न हटता म्हणायची आहेत. याहून अवघड वादविवाद नाही.

आणखी एक शंका विचारी माणसांची असते : वादविवादाने चलाखी वाढते, कोणतीही बाजू मांडता येते, सत्याची चाड सुटते. स्पर्धा केवळ ढालीसाठी राहिली तर हे नक्की होईल. त्यावरचा उपाय विषय बदलणे हा आहे. जतच्या पाण्याचा प्रश्न, म्हैसाळ आणि टेंभू उपसा सिंचन योजनांची पाणीपट्टी, सहा वाजताची एसटी बंद झाल्याने किती मुलींचे कॉलेज सुटले, उसाच्या रास्त व किफायतशीर दराचे (एफआरपी) हप्ते, दारूचे दुकान हटवण्यासाठी महिला मतदारांचे मतदान घ्यावे का, असे विषय असले की चलाखी फार वेळ चालत नाही, कारण ऐकणाऱ्यांना वस्तुस्थिती माहीत असते. आधी एक बाजू, मग आठवड्याने उलटी बाजू मांडायला लावावी. परीक्षकांनी उच्चारांना गुण देणे कमी करून उलट प्रश्नांना दिलेल्या उत्तरांना द्यावेत.

यासाठी नवी संस्था काढण्याची गरज नाही, आणि कृपा करून नवे महामंडळ तर नकोच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले इथे सुरू केलेल्या रयत शिक्षण संस्थेचे जाळे गावोगाव आहे, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे दरवर्षी भरतात, बचतगट आहेत. सरावाचे मैदानही कायद्याने तयार ठेवले आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. अनेक गावांत ही सभा रजिस्टर घरोघर फिरवून कागदावरच ‘होते’. महाविद्यालयांनी अठरा वर्षे पूर्ण झालेल्या विद्यार्थिनींना आपापल्या गावच्या या सभेत एक तरी ठराव मांडणे हे प्रशिक्षणाचे प्रात्यक्षिक म्हणून द्यावे, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी तो इतिवृत्तात बोलणारीच्या नावानिशी नोंदवावा आणि मुलींनी त्या नोंदीचे छायाचित्र गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकावे. जिल्हा परिषदेला या उपक्रमाचे यश मोजायचेच असेल तर तिने ढाली आणि प्रमाणपत्रे मोजू नयेत. स्त्रियांनी मांडलेले किती ठराव मुख्य ग्रामसभेत मंजूर झाले, किती फेटाळले गेले आणि फेटाळताना कारण लिहिले गेले की नाही, एवढीच तीन रकान्यांची यादी तालुकावार प्रसिद्ध करावी.