मुदत कोणाची?

‘इंटरॅक्टिव्ह इन्स्टॉलेशन’ या शब्दजोडीला मराठी प्रतिशब्द शोधण्याचा उद्योग आपल्याकडे अधूनमधून चालू असतो. ‘मांडणशिल्प’ हा शब्द आता बऱ्यापैकी रुळला आहे. त्याला ‘सहभागी’ किंवा ‘संवादी’ असे विशेषण जोडले की परिभाषेची सोय होते. परंतु नवा शब्द घडवण्यापूर्वी घरात असलेला जुना शब्द एकदा उचलून पाहायला हरकत नव्हती. तो शब्द म्हणजे ‘देखावा’. सार्वजनिक जागेत, ठरावीक दिवसांसाठी, अनेक माध्यमांची सरमिसळ करून उभी केलेली आणि पाहणाऱ्याच्या येण्याजाण्यावाचून जिला अर्थच नाही अशी रचना ही जर मांडणशिल्पाची व्याख्या असेल, तर गणेशोत्सवातील देखावा तिच्यात चपखल बसतो. तरीही साहित्य आणि कलांच्या समीक्षेत त्याला जागा नाही. मेळ्यांच्या पदांविषयी थोडेफार लिहिले गेले, कारण ती पदे छापील स्वरूपात हाती आली. देखाव्याची संहिता मात्र ध्वनिफितीवर होती आणि अनंत चतुर्दशीनंतर ती ध्वनिफीत कुठे गेली हे कोणी विचारले नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय देखाव्याचा गौरव हा नाही. गौरव करायला वर्तमानपत्रे आणि स्पर्धांची पारितोषिके पुरेशी आहेत; शिवाय २०२५ साली शासनाने गणेशोत्सवाला ‘राज्य महोत्सव’ही घोषित केले आहे. प्रश्न वेगळा आहे. सार्वजनिक कला हल्ली सर्वत्र घाईत तयार होते. त्या घाईला आपण कलेची शत्रू समजतो, आणि तसे समजणे सोपेही आहे. पण मुदत ही एकाच जातीची वस्तू आहे का?

साहित्याच्या अभ्यासकांना याचे एक घरचे उदाहरण ठाऊक असते. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून मराठी लेखक आश्विन अमावस्येला बांधला गेला. किती कथा त्या तारखेने लवकर खुडल्या आणि किती त्या तारखेवाचून लिहिल्याच गेल्या नसत्या, याचा हिशेब कोणी केलेला नाही. तो करण्याजोगा आहे, हे जाता जाता.

आता वरसाव्याकडे येऊ. ठाण्याहून येणारा घोडबंदर रस्ता मुंबई-अहमदाबाद महामार्गाला जिथे मिळतो आणि महामार्ग वसईची खाडी ओलांडायला निघतो, तो हा नाका. जुन्या पुलाच्या दुरुस्त्यांमुळे कित्येक वर्षे हे गाव राज्याला वाहतूक कोंडीच्या बातम्यांतूनच परिचित होते. मार्च २०२३ मध्ये नवा पूल खुला झाला तेव्हा कुठे ती ओळख थोडी सैल झाली. येथील एका लहानशा मंडळाने २०२५ साली खाडी आणि पूल या विषयावर देखावा करायचे ठरवले आणि निवेदनाची संहिता लिहिण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले. हाती दिवस होते अकरा.

अकराच का? त्या वर्षी चतुर्थी २७ ऑगस्टला, म्हणजे महिनाअखेरीला आली. वर्गणी पगार झाल्यावर मिळते; पगार पुढच्या महिन्यात; गणपती मात्र त्याआधीच. त्यामुळे प्लायवूडवाल्याने उधारी मान्य करेपर्यंत काही ठरत नव्हते. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, चतुर्थी १९ सप्टेंबरपर्यंत लांबली होती, आणि कार्यकर्ते त्या वर्षाची आठवण एखाद्या सुकाळाची काढावी तशी काढत होते. अधिक मासाचा असा अर्थ आम्ही कोणत्याही धर्मग्रंथात वाचलेला नाही.

कल्पना साधी होती. प्लायवूडचा एक लांब पूल, त्यावरून रसिकांनी चालायचे. पाऊल पडेल त्या टप्प्यावर खालची खाडी उजळायची आणि एक आवाज बोलू लागायचा. घोडबंदर हे नाव घोड्यांच्या व्यापारावरून पडले असे सांगतात, तेथून सुरुवात. मग किल्ला, पोर्तुगीज, मराठे, रेतीच्या होड्या, आणि शेवटी कोंडीत तासन् तास अडकलेला ट्रकचालक. प्रत्येक टप्प्यासाठी पाऊण मिनिटाचे निवेदन होते. माणसाची हालचाल टिपणारा सेन्सर बसवला होता. चाचणीच्या रात्री पंचवीस-तीस पोरे एकदम पुलावर चढली आणि एक मजेदार गोष्ट घडली: सेन्सरला प्रत्येक माणूस नवा. कोणी हलले की निवेदन पहिल्यापासून सुरू. इतिहास पहिल्या वाक्याच्या पुढे जाईना. यावर वायरमनने दिलेला सल्ला मराठी समीक्षेत कोरून ठेवावा असा आहे. तो म्हणाला, ‘सर, वाक्यं लहान करा. माणूस उभा राहत नाही, पुढे सरकतो.’

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी संहिता नव्याने रचली गेली. पाऊण मिनिटाचा परिच्छेद जाऊन चार-पाच सेकंदांची सुटी वाक्ये आली. प्रत्येक वाक्य स्वतःपुरते पुरे. कोणतेही आधी आले, कोणतेही नंतर आले तरी चालावे, आणि ऐकणाऱ्याने आपल्या चालीने त्यांची माळ करावी. सेन्सरचे काम इतकेच उरले की पाऊल पडले की त्यातले एखादे वाक्य सोडायचे. वाचककेंद्री समीक्षा शिकवताना आपण उम्बेर्तो एकोचे ‘खुली कलाकृती’ हे सूत्र फळ्यावर लिहितो, अभिनवगुप्ताचा सहृदय त्याच्या शेजारी बसवतो, आणि विद्यार्थी ते उतरवून घेतात. येथे गर्दीने आणि तारखेने मिळून ते सूत्र आमच्याकडून वसूल केले. ओवी ओवीपुरती पूर्ण का असते, जात्यावर बसलेल्या बाईला मध्येच उठावे का लागत असेल, याचा विचार त्या दोन दिवसांत जितका झाला तितका वर्गात क्वचितच झाला असेल.

ही कमाल मुदतीची म्हणता येईल का? अंशतः. सवड असती तर कदाचित महागडा सेन्सर आणला असता आणि लांब निवेदन तसेच राहिले असते. टंचाईतून रूप जन्मते हे खरे, पण त्यावर भाळून जाऊ नये. टंचाईतून बहुतेक वेळा टंचाईच जन्मते. २०१८ साली प्लास्टिकबरोबर थर्माकोलवरही बंदी आली, आणि गणेशोत्सवापुरती सूट द्यायला उच्च न्यायालयाने जुलैत नकार दिला. त्या वर्षी चतुर्थी १३ सप्टेंबरला होती. थर्माकोल तापल्या तारेने एका रात्रीत कापून होतो. पुठ्ठा आणि कागदाला खळ लागते आणि भाद्रपदातल्या दमट हवेत खळ वाळत नाही. बंदी योग्यच होती. परंतु माध्यम बदलले की काळाचे मापही बदलते, हे ज्यांनी खळ लावली आहे त्यांनाच कळते. आमचा पुठ्ठ्याचा किल्ला टेबलफॅनपुढे दोन रात्री बसला होता.

मूळ मुद्दा असा की पंचांगातली तारीख कोणाच्याही मालकीची नसते. ती मंडळाने ठरवलेली नाही, नगरसेवकाने नाही, देणगीदाराने तर नाहीच. करणारा आणि पाहणारा दोघेही तिच्याखाली सारखेच उभे असतात. म्हणून पाहणारा अपुरेपण समजून घेतो. पुण्यात कित्येक देखावे पहिल्या दिवशी खुले होतच नाहीत. लोक कुरकुरतात आणि दोन दिवसांनी पुन्हा येतात. वरसाव्याच्या पुलाचा तिसरा टप्पा गौरी आल्या तेव्हा पेटला. एका ट्रकचालकाने शेवटच्या टप्प्यावरचे वाक्य ऐकून ‘आमचा हॉर्न असा नसतो’ असे सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या गाडीचा खराखुरा हॉर्न मुद्रित करून तेथे बसवला गेला. याहून अधिक ‘इंटरॅक्टिव्ह’ काय असते? काम चतुर्थीला संपले नव्हते, लोकांपुढे सुरू झाले होते.

आता दुसऱ्या जातीची तारीख पाहा. मार्चअखेर निधी संपवायचा असतो, आचारसंहिता लागायच्या आत फीत कापायची असते, मोठ्या पाहुण्यांचा दौरा असतो. अशा तारखांनी गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या शहरांना ‘सेल्फी पॉइंट’ दिले, शहराच्या नावापुढे लाल हृदय असलेली अक्षरे दिली, पाय ठेवताच सूर काढणाऱ्या पायऱ्या दिल्या. यांनाही सहभागी कला म्हटले जाते. पण येथे सहभाग म्हणजे काय, तर आधीच ठरलेल्या चौकटीत आपला चेहरा नेऊन ठेवणे. उद्घाटनाच्या दिवशी ते सर्वांत तरुण असतात. त्यानंतर त्यांचे वय फक्त वाढते. दिवा गेला तर बदलायचा कोणी, हे कंत्राटात कुठेतरी असते आणि कुठेच नसते.

या जातीचे सर्वांत वेदनादायी उदाहरण मालवणचे आहे. राजकोट किल्ल्यावरील शिवरायांच्या ३५ फुटी पुतळ्याचे अनावरण नौदल दिनी, ४ डिसेंबर २०२३ रोजी झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. चौकशीत गंज आणि सदोष वेल्डिंगचे उल्लेख आले. तो घाईमुळेच पडला असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. मात्र समुद्रकाठच्या धातूला समारंभपत्रिकेची तारीख कळत नाही, एवढे म्हणायला अभियंता असावे लागत नाही. राम सुतार यांनी घडवलेला नवा पुतळा तेथे मे २०२५ मध्ये उभा राहिला.

या दोहोंच्या मध्ये कुठेतरी मुंबईचा काळा घोडा महोत्सव आहे. १९९९ पासून, बहुधा फेब्रुवारीच्या आसपास, नऊ दिवस. तारीख आयोजकांची आहे हे खरे, पण ती इतकी वर्षे परतून येते आहे की विद्यार्थी कलावंत तिला सणासारखे धरून चालतात. तेथील मांडणशिल्पांवर लहान मुले चढतात, रखवालदार हटकतो, आणि या झटापटीतून सहभागाची खरी सीमा दिसते. ज्या काळ्या घोड्यावरून चौकाचे नाव पडले, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली तेथून हलवला गेला. २०१७ मध्ये घोडा परत आला तो स्वाराशिवाय. सार्वजनिक शिल्पातील रिकाम्या जागेचे इतके बोलके उदाहरण मुंबईत दुसरे नसावे.

एक आक्षेप आम्हाला स्वतःलाच घ्यावासा वाटतो. पंचांगाची तारीख कोणाची नसली, तरी तिची किंमत सगळे सारखी भरत नाहीत. शेवटच्या चार रात्री जागतो तो सुतार, मांडववाला, वायरमन. संहिता लिहिणाऱ्याचे जागरण हौसेचे असते. ओल्या प्लायवूडवर अनवाणी उभे राहून वायर जोडणाऱ्याचे नसते. देखाव्याच्या फलकावर देणगीदारांची छायाचित्रे होती, लेखकाचे नाव होते, सुताराचे नव्हते. आम्ही ते घालायला सांगितले, तर फलक छापून झाला होता. मग एका पोराने ब्रशने खाली दोन नावे लिहिली. नाट्यप्रयोगात नेपथ्यकाराचे आणि प्रकाशयोजनाकाराचे नाव घेण्याची शिस्त मराठी रंगभूमीने लावून घेतली. मंडपात ती अजून यायची आहे.

मराठी विभागांनी काय करावे, हा प्रश्न उरतो. एम.ए.च्या प्रकल्पांसाठी दरवर्षी विषय शोधले जातात आणि दरवर्षी तेच पाच कादंबरीकार सापडतात. आपापल्या गावातील देखाव्यांची निवेदने मिळवणे, कोणी लिहिली, कोणी वाचली, गर्दीनुसार काय गाळले याची नोंद करणे, हे काम एका सत्रात होण्याजोगे आहे. अट एकच, ते दहा दिवसांच्या आत सुरू करावे लागेल. आमच्या पुलाचे प्लायवूड ६ सप्टेंबरच्या विसर्जनानंतर तिसऱ्या दिवशी उधारीच्या हिशेबात दुकानदाराने परत नेले. वाक्यांच्या फाइली वायरमनच्या पेनड्राइव्हवर होत्या. त्याला फोन केला तेव्हा तो नवरात्राच्या मांडवात होता, आणि त्या पेनड्राइव्हवर आता गरब्याची गाणी होती.